चिपमधली फडपद्धत: छोट्या यंत्राची बॅटरी वाचवणारं बदलतं हार्डवेअर

गुजरातेत धोलेऱ्याला चिपचा कारखाना उभा राहतोय, साणंदचं नावही बातम्यांत येत असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रोच्या रॉकेटांसाठी बनवलेला ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटी प्रोसेसर दिल्लीत पंतप्रधानांना भेट दिला गेला. या सगळ्यात चिप किती नॅनोमीटरची आणि कारखाना किती कोटींचा एवढंच आपल्यापर्यंत येतं. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या शेतकऱ्याचा प्रश्न साधा असतो: बांधावर लावलेलं यंत्र एका चार्जवर किती दिवस टिकेल? याचं उत्तर चिपच्या आत गणित कोणत्या पद्धतीने होतं यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

एम्बेडेड प्रोसेसर म्हणजे एखाद्या वस्तूच्या पोटात बसवलेला, ठरलेलं काम करणारा छोटा संगणक. ठिबकचा कंट्रोलर, वीजमीटर, विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर या सगळ्यांत तो असतो. जिथे वीज तारेने येते तिथे त्याच्या खाण्याची कुणी फिकीर करत नाही. बॅटरीवर चालवायचं म्हटलं की मात्र एकेका मिलिज्यूलचा हिशेब लागतो.

मजुरी २३ पैसे, निरोपाचे ७० रुपये

ज्यूल हे ऊर्जेचं माप. एक वॅटचा दिवा एक सेकंद जळला की एक ज्यूल खर्च होतो. पिकोज्यूल म्हणजे त्याचा एक लाख कोटीवा भाग.

स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर चिपसाठीचे काही आकडे मांडले. ८ बिटी दोन संख्यांचा गुणाकार ०.२ पिकोज्यूलमध्ये होतो, बेरीज ०.०३ मध्ये. पण साध्या प्रोसेसरला हे काम सांगायचं तर आधी सूचना मेमरीतून आणायची, तिचा अर्थ लावायचा, आकडे रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या कप्प्यांत) भरायचे, उत्तर परत ठेवायचं. या सगळ्या धावपळीसकट एका सूचनेचा खर्च सुमारे ७० पिकोज्यूल. म्हणजे कापूस वेचायची मजुरी २३ पैसे आणि ‘आता हे बोंड वेच’ असं सांगायला मुकादमाने घेतलेले ७० रुपये.

मेमरीचं दुखणं वेगळंच. चिपवरच्या ८ किलोबाइटच्या मेमरीतून एकदा वाचायला १० पिकोज्यूल लागतात, चिपबाहेरच्या डीरॅम या मोठ्या मेमरीतून वाचायला १३०० ते २६००. म्हणून वीज वाचवायची तर गणित स्वस्त करून फारसं हाती लागत नाही, कारण ते आधीच स्वस्त आहे. निरोप आणि वाहतूक कमी करावी लागते.

हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे नेमकं हेच करणारी जोडणी. एकच गणित लाखो वेळा करायचं असेल, तर त्यासाठी गुणाकाराचे आणि बेरजेचे भाग थेट तारांनी एकमेकांना जोडून टाकायचे. एका बाजूने आकडे आत येतात, दुसऱ्या बाजूने उत्तरं बाहेर पडतात, आणि दर पायरीला मुकादम लागत नाही.

फड तोच, पीक वेगळं

अडचण अशी की कायमच्या तारा जोडल्या की काम बदलता येत नाही. इथे आपल्या धुळ्याच्या पांझरा नदीवरची फडपद्धत डोळ्यांपुढे आणा. बंधारा, त्यातून निघालेला कालवा, कालव्याच्या चाऱ्या आणि चाऱ्यांखालचे फड, हे सगळं कित्येक पिढ्यांपासून जागच्या जागी आहे. पण कोणत्या फडात यंदा कोणतं पीक आणि कोणत्या चारीला पाणी, हे हंगामाप्रमाणे बदलतं. पाटकरी दारं उघडतो, बंद करतो. नवा कालवा खणायची गरज पडत नाही.

एफपीजीए नावाची चिप अशीच असते. तिच्यात हजारो छोटे तर्कभाग (हो-नाहीचा हिशेब करणारे तुकडे) आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या तारांचं जाळं आधीच कोरलेलं असतं. प्रत्येक छेदावर एक दार. कोणती दारं उघडी आणि कोणती बंद याची जी लांबलचक यादी चिपमध्ये भरतात तिला बिटस्ट्रीम म्हणतात. यादी बदलली की तीच चिप दुसरंच यंत्र होते. कल्पना जुनी आहे. जेरल्ड एस्ट्रिन यांनी काही भाग पक्का आणि काही भाग बदलता असलेला संगणक १९६० मध्ये मांडला होता; झायलिंक्स कंपनीची एक्ससी२०६४ ही पहिली व्यावसायिक एफपीजीए १९८५ मध्ये आली.

शेतातल्या यंत्राला परवडेल अशी एक चिप उदाहरणाला घेऊ: लॅटिस कंपनीची आइस४० अल्ट्राप्लस, यूपी५के. तिच्यात ५,२८० तर्कभाग, गुणाकारासाठी वेगळे ८ भाग आणि १ मेगाबिट, म्हणजे १२८ किलोबाइट मेमरी आहे. काहीही न करता ती सुमारे ७५ मायक्रोअँपिअर प्रवाह खाते. खरोखर छोटी चिप आहे ही, तिच्यात वाटेल ते मावणार नाही.

याच कल्पनेचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात एकेका बिटाऐवजी ८, १६ किंवा ३२ बिटांची अख्खी संख्या एका दारातून जाते. दर वाफ्याला दार न ठेवता अख्ख्या फडाला एकच दार ठेवण्यासारखं. दारं कमी, म्हणून यादी छोटी आणि गळतीही कमी. रेनेसास कंपनीच्या काही प्रोसेसरांत डीआरपी नावाने असा भाग असतो. यादी आधीच आत साठवलेली असेल तर तो चिपच्या घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे कामाच्या एका पायरीत, रूप बदलतो.

मक्याच्या बांधावर रात्रभर जागणारं यंत्र

आता हिशेब करू. सातपुड्याच्या पायथ्याला मक्यात रानडुकरं शिरतात. समजा बांधावर एक छोटा कॅमेरा आहे. संध्याकाळी ६ ते सकाळी ६, दर सेकंदाला एक चित्र, ९६ बाय ९६ ठिपक्यांचं. इन्फ्रारेड दिव्याची क्षणभर चमक, चित्र घ्यायचं आणि ते जनावर आहे की वाऱ्याने हललेली पानं हे जागेवरच ठरवायचं. चित्र मोबाइल नेटवर्कवर पाठवायचं फक्त जनावर दिसलं तरच, कारण मोडेम जागा करून एक चित्र पाठवण्यातच काही ज्यूल जातात.

आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, पण वास्तवाला धरून आहेत. एका चित्रासाठी ७५ लाख गुणाकार-बेरजा. कॉर्टेक्स-एम४ जातीचा प्रोसेसर ८० मेगाहर्ट्झवर, ३.३ व्होल्टला सुमारे ८ मिलिअँपिअर खातो. आकडे आणणं-नेणं धरून एका गुणाकार-बेरजेला १० ठोके लागले, तर एका चित्राला साडेसात कोटी ठोके. वेळ ०.९४ सेकंद, ऊर्जा २५ मिलिज्यूल. वेळेकडे नीट बघा: दर सेकंदाला चित्र आहे आणि गणितालाच ०.९४ सेकंद लागतात. प्रोसेसरला झोपायला सवडच नाही.

कॅमेरा आणि दिवा मिळून ८ मिलिज्यूल, इतर किरकोळ ३. एकूण ३६. रात्रीची ४३,२०० चित्रं, म्हणजे सुमारे १,५५५ ज्यूल. २,६०० एमएएच क्षमतेचा, १८६५० मापाचा एक लिथियम सेल साधारण ३३,७०० ज्यूल देतो. त्यातले ८० टक्के वापरात आले तर २७,०००. यंत्र १७ रात्री चालेल.

तेच गणित वरच्या एफपीजीएत जोडणी करून केलं आणि एका चित्राला ४ मिलिज्यूल लागले असं धरू. एकूण खर्च ८ + ४ + ३ = १५ मिलिज्यूल, रात्रीचे ६४८ ज्यूल, आणि सेल ४१ रात्री पुरेल.

गणित सहापटीहून स्वस्त झालं, पण सेल अडीचपटीलाही पोचला नाही. कारण कॅमेरा आणि दिवा पूर्वीइतकंच खातायत. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये वेगाबद्दल सांगितलेला नियम विजेलाही लागू पडतो: जो भाग सुधारला नाही तोच शेवटी सगळा खर्च खातो. ‘दहापट वीज बचत’ असं पाकिटावर लिहिलेलं दिसलं तर ती दहापट कोणत्या भागाची हे आधी विचारावं.

तीन ओळींची युक्ती

ही बचत येते कुठून ते जवळून बघण्यासारखं आहे. चित्र ओळखण्याच्या गणितात ३ बाय ३ ची एक चौकट चित्रावरून सरकवतात. चौकटीतल्या नऊ ठिपक्यांना नऊ वजनांनी (कोणत्या ठिपक्याला किती महत्त्व हे सांगणाऱ्या ठरलेल्या आकड्यांनी) गुणायचं आणि बेरीज करायची, मग चौकट एक ठिपका पुढे. त्यामुळे प्रत्येक ठिपका नऊ वेगवेगळ्या चौकटींत येतो. सरळसोट लिहिलेला प्रोग्रॅम तो नऊ वेळा मेमरीतून वाचतो. ९,२१६ ठिपक्यांच्या चित्राला जवळजवळ ८३,००० वाचनं होतात.

एफपीजीएत तीन ओळी मावतील एवढी जागा बाजूला काढतात. ३ गुणिले ९६, म्हणजे फक्त २८८ बाइट. कॅमेऱ्यातून ठिपका आला की तो या रांगेत शिरतो, सगळ्यात जुना बाहेर पडतो आणि हवे असलेले नऊ ठिपके कायम हाताशी असतात. प्रत्येक ठिपका मेमरीतून एकदाच येतो. वाचनं ८३,००० वरून ९,२१६ वर येतात, शिवाय सूचना आणण्याचा खर्च जातो तो वेगळाच.

दुसरी मोठी बचत संख्येच्या आकाराची. होरोविट्झ यांच्याच आकड्यांत ३२ बिटी दशांश संख्यांच्या गुणाकाराला ३.७ पिकोज्यूल लागतात, ८ बिटी पूर्णांकांना ०.२. म्हणून वजनं ८ बिटांत बसवतात. यात अचूकता थोडी घसरते. ती किती घसरली हे आपल्याच शेतातल्या, आपल्याच कॅमेऱ्याने काढलेल्या रात्रीच्या चित्रांवर तपासायला हवं. दिवसा काढलेल्या स्वच्छ फोटोंवर तपासणी करून समाधान मानणं ही नेहमीची चूक आहे.

वेगवान प्रोसेसर घेतला तर?

पटकन काम उरकून झोपी जाणं चांगलंच. पण १०० बोंडांसाठी १०० निरोप द्यायचेच असतील तर मुकादम भराभर बोलला म्हणून निरोप कमी होत नाहीत. ठोक्यामागची ऊर्जा तेवढीच राहिली तर वेग वाढवून गणिताचा खर्च हलत नाही, वेग मिळवायला व्होल्टेज वाढवावं लागलं तर उलट वाढतो. व्होल्टेज दीडपट झालं की प्रत्येक ठोक्याची ऊर्जा सव्वादोनपट होते.

तरीही एफपीजीएकडे वळण्याआधी हातातल्या प्रोसेसरकडून पुरतं काम काढून घ्यावं. कॉर्टेक्स-एम४ मध्ये एसएमएलएडी नावाची सूचना एकाच वेळी १६ बिटी दोन गुणाकार आणि त्यांची बेरीज करते. कित्येक प्रोग्रॅम ती वापरतच नाहीत. नुसत्या त्या बदलाने आपली गरज भागली, तर नवी चिप बसवण्याचा घाट घालू नये.

एफपीजीए तर वीज खाते असं ऐकलंय

खरं आहे. टोरोंटो विद्यापीठातल्या कुऑन आणि रोझ यांनी ९० नॅनोमीटरच्या चिपांवर मोजलं तेव्हा तेच काम कायमच्या तारांच्या चिपपेक्षा एफपीजीएत काम चालू असताना १२ ते १४ पट वीज खात होतं आणि जागा ३५ ते ४० पट घेत होतं. चाऱ्या लांब आणि दारं जास्त, म्हणून वाटेत पाणी मुरतं.

पण आपल्या यंत्रात तुलना कायमच्या चिपशी नाही, एकेक सूचना वाचणाऱ्या प्रोसेसरशी आहे. तिथला निरोपाचा खर्च कामाच्या तीनशेपट होता. वाटेतली गळती सोसूनही फायदा उरतो तो यामुळे.

मग कायमची चिपच का नको? लाखो नग विकायचे असतील तर तीच घ्यावी. तयार चिपाही मिळतात. मॅक्स७८००० मध्ये चित्र ओळखणारा पक्का अ‍ॅक्सिलरेटर प्रोसेसरच्या शेजारीच आहे आणि ठरावीक प्रकारच्या गणिताला तो उत्तम चालतो. मात्र स्वतःची चिप पाडायची तर डिझाइन आणि मास्क (चिप छापायचे साचे) मिळून खर्च कोटींत जातो, आणि पद्धत बदलली की ती वाया. शे-पाचशे यंत्रं बनवणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या छोट्या उद्योजकासाठी बदलतं हार्डवेअर हाच मधला मार्ग आहे.

रूप बदलायलाही वीज लागते

यूपी५केची यादी सुमारे १०४ किलोबाइटची असते. ती १२ मेगाहर्ट्झने आत भरायला ७० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ सगळं मिळून ३.३ व्होल्टला १० मिलिअँपिअर गेले तर २.३ मिलिज्यूल खर्च झाले.

वीज गेली की चिप यादी विसरते. म्हणून दोन चित्रांच्या मध्ये एफपीजीएचा पुरवठा तोडला तर दर चित्राला हे २.३ मिलिज्यूल पुन्हा भरावे लागतील. चालू ठेवून नुसतं तिचं घड्याळ थांबवलं, तर १.२ व्होल्टला ७५ मायक्रोअँपिअरने सेकंदाला ०.०९ मिलिज्यूल जातात. म्हणजे रात्री पुरवठा तोडू नका, फक्त घड्याळ थांबवा.

दिवसाचं गणित उलटं, आणि इथे आपलं ऊन मध्ये येतं. सिलिकॉनमधली गळती, म्हणजे काम नसतानाही झिरपणारी वीज, ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट होते. भुसावळला पारा ४५ च्या वर गेला की उन्हातल्या बंद डब्यात ६५ अंश सहज होतात. २५ वरून ६५ म्हणजे चार वेळा दुप्पट, १६ पट गळती. ७५ मायक्रोअँपिअरचे १.२ मिलिअँपिअर होतात. बारा तासांत ६२ ज्यूल, रात्रीच्या ६४८ च्या जवळजवळ एकदशांश, तेही काही काम न करता. म्हणून सकाळी सहाला पुरवठा तोडायचा आणि संध्याकाळी २.३ मिलिज्यूल देऊन यादी परत भरायची. डबा पांढरा ठेवा, सावलीच्या बाजूला लावा.

पुरवठा तोडताना एक खोड सांभाळायची. प्रोसेसरची एखादी पिन वर, म्हणजे व्होल्टेजवर, राहिली तर तिच्यातून एफपीजीएच्या संरक्षक डायोडमार्गे वीज आत शिरत राहते आणि चिप अर्धवट जिवंत राहते. आधी जोडणीच्या सगळ्या पिना शून्यावर आणा, मग पुरवठा तोडा.

बॅटरी खरी कोण खातंय

कितीतरी यंत्रांत दोषी प्रोसेसर नसतोच. बाजारात सर्रास मिळणारा एएमएस१११७ हा व्होल्टेज रेग्युलेटर (बॅटरीचं व्होल्टेज ठरलेल्या पातळीवर आणणारा भाग) स्वतःच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. ३.६ व्होल्टला दिवसाचे १,५५५ ज्यूल झाले. प्रोसेसरवर चालणाऱ्या आपल्या राखणदार यंत्राच्या रात्रभराच्या सगळ्या कामाइतके! शिवाय हव्या व्होल्टेजपेक्षा सुमारे एक व्होल्ट जास्त त्याला आत द्यावं लागतं, त्यामुळे लिथियम सेलवरून तो ३.३ व्होल्ट नीट देऊच शकत नाही. एमसीपी१७०० सारखा रेग्युलेटर स्वतःपुरते दोनएक मायक्रोअँपिअर घेतो. तो २५० मिलिअँपिअरपर्यंतच, म्हणून मोडेमला वेगळा पुरवठा द्यावा. बोर्डावरचा लाल दिवाही काढून टाका. यादी साठवणारी फ्लॅश मेमरी वाचून झाल्यावर तिला गाढ झोपेची सूचना द्या.

मोजताना मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवून यंत्र चालवू नका. त्या रेंजला मीटरचा आतला रोध जास्त असतो. यंत्र झोपेत असताना आकडा बरोबर दिसतो, पण जागं होऊन २० मिलिअँपिअर मागितले की मीटरवरच व्होल्टेज पडतं आणि यंत्र रीसेट होतं. पुरवठ्यात १ ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्यावरचं व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर बघा. २० मिलिअँपिअरला २० मिलिव्होल्ट दिसतील. गणित सुरू होताना एक पिन वर आणि संपताना खाली करायला प्रोग्रॅमला सांगितलं, की कोणत्या भागाने किती खाल्लं हे पडद्यावर वेगळं दिसतं. झोपेतले मायक्रोअँपिअर मात्र इतक्या छोट्या रेझिस्टरवर दिसत नाहीत. ते वेगळे मोजावेत.

जमिनीतला ओलावा दर पंधरा मिनिटांनी एकदा मोजणाऱ्या यंत्राला अ‍ॅक्सिलरेटरचा काडीचाही उपयोग नाही. त्याचं गणित काही मायक्रोज्यूलचं, यादी भरायलाच त्याच्या शेकडो पट जाईल. त्याचा पैसा चांगल्या रेग्युलेटरवर लावा.

मक्यानंतर कापूस

बदलत्या हार्डवेअरचा खरा उपयोग हंगाम बदलल्यावर दिसतो. मका निघाला की तोच डबा कापसात कामगंध सापळ्यावर बसवता येतो. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री सापळ्यात दर रात्री आठ पतंग ही धोक्याची पातळी धरतात. पतंग मोजायला चौकटींचा आकार, वजनं, जोडणी सगळंच वेगळं लागतं. इथे रात्रीत मोजकीच चित्रं पुरतात. एवढ्यासाठी साधा प्रोसेसरही चालला असता, पण डबा तोच वापरायचा असेल तर नवी यादी पाठवावी लागते.

मोबाइल नेटवर्कवर १०४ किलोबाइट काहीच नाही. लोरा या कमी विजेत लांबवर छोटे निरोप नेणाऱ्या रेडिओवर मात्र एका पाकिटात फार तर २२२ बाइट मावतील असं धरलं, तर सुमारे ४७० पाकिटं होतात आणि मधलं एखादं हरवतंच. म्हणून आलेली यादी थेट चालू यादीवर लिहायची नाही. फ्लॅशमध्ये वेगळ्या जागी साठवायची, सगळी पाकिटं आली का आणि बेरजेचा पडताळा जुळतो का ते बघायचं, मगच तिच्यावर जायचं. आइस४० चिपला फ्लॅशमधल्या चार याद्यांमधून निवड करता येते. पहिल्या जागेवर तपासलेली जुनी यादी कायम ठेवायची, आणि नवी यादी लागल्यावर ठरलेल्या वेळात एफपीजीएकडून उत्तर आलं नाही तर प्रोसेसरने तिला रीसेट करून परत त्या पहिल्या यादीवर आणायचं.